चौदा नंबरचं दही

हुपरीकर मॅडमनी चमचा बाटलीत बुडवला, हळूच वर उचलला, आणि दह्याची तार पट्टीच्या शून्यापासून खाली उतरत गेली. दहा. पंधरा. अठरा. एकवीसला तुटली. मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "चौदा नंबर चुकलाय."

थांबा, आधी हे दही कुठून आलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल प्रयोगशाळेत आमची पंगत बसली होती.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. कॉलेजांतल्या मुलांनी स्वतः केलेलं संशोधन मांडायची एक स्पर्धा असते, आधी जिल्ह्याची, मग विद्यापीठाची. सायन्सवाले, आर्टस्‌वाले, सगळे एका मांडवात. मी मायक्रोबायोलॉजीची. माझी जोडीदार तबस्सुम मुजावर, समाजशास्त्राची, माझ्याहून एक वर्ष पुढं आणि बोलण्यात दहा वर्षं पुढं. विषय तिनंच काढला. एसटीत मला म्हणाली, वृषे, तुमच्या वाडीत विरजण कोण कुणाकडून आणतं गं? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला, शेजारून आणतात. ती म्हणाली, शेजारी म्हणजे नक्की कोण? भांडलेला शेजारी चालतो का?

झालं, तिथून सुरुवात. माणसांच्या वंशावळी सगळे काढतात, आम्ही दह्याची काढायची ठरवली. माझ्या वाडीतली एकतीस घरं. प्रत्येक घरातून एक छोटी बाटली दही घ्यायचं आणि एक फॉर्म भरायचा: विरजण कुठून आलं, शेवटचं कधी नासलं, नासल्यावर कुणाकडून आणलं. घराचं नाव कुठंही लिहायचं नाही, फक्त नंबर. हा तबस्सुमचा कडक नियम. आणि माझी तपासणी काय, तर दह्याची तार. काही दह्यात असे जीवाणू असतात की चमचा उचलला की मधासारखी तार निघते, आणि बहुतेक दह्यांत ती दोन बोटांवर तुटते. तारेचं विरजण ज्या घरातून जाईल तिथं तार जाते. म्हणजे फॉर्मवर बाई काय सांगते ते एकीकडं, आणि दही काय सांगतं ते दुसरीकडं. दोन्ही जुळतात का बघायचं.

तीस घरांचं जुळलं. वाडीत तारेचं दही एकाच घराचं, पंधरा नंबरचं. आणखी तीन घरांत तार निघाली, आणि त्या तिघींनीही फॉर्मवर सांगितलेलं, विरजण पंधरातून आणलं. इतकं सुरेख जुळत होतं की आम्ही नाचायच्या बाकी होतो.

आणि मग हे चौदा. फॉर्मवर लिहिलेलं, विरजण माहेरचं, विट्याचं. तार मात्र हुबेहूब पंधरासारखी, एकवीसची.

मॅडम म्हणाल्या, बाटल्यांची अदलाबदल झालीय, आणि एक अदलाबदल झाली म्हणजे परीक्षक बाकीच्या तीस बाटल्यांवर पण बोट ठेवणार. जिल्ह्याला आठ दिवस उरलेत. मग हळू आवाजात म्हणाल्या, की तीस घरं हाही आकडा काही वाईट नाही. चौदा काढून टाका.

मी तर लगेच मान डोलावली. तबस्सुमनं नाही डोलावली. तिनं फॉर्मची चळत काढली, चौदा नंबरचा फॉर्म वर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कुणाला विचारून भरलास?"

कुणालाच नाही. कारण चौदा नंबर म्हणजे आमचंच घर. आता हसू नका. आपल्याच घरच्या दह्याबद्दल आपल्याच आईला काय विचारायचं? लहानपणापासून ऐकत आले, आई विट्याची, विरजण विट्याचं. मी एसटीत बसल्या बसल्या मांडीवर फॉर्म भरून टाकलेला.

"म्हणजे तीस घरांत आपण विचारलं, आणि एका घरात तू सांगितलंस," तबस्सुम म्हणाली. ओरडली नाही, हेच वाईट.

बरं, पंधरा नंबर आमचं कोण लागतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं. मला होतं. पंधरा म्हणजे माझ्या सख्ख्या काकाचं घर. दारं शेजारी शेजारी, मागं परसातली भिंत एकच. अकरा वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटरीच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं, वाटण्या झाल्या, भांडीकुंडी चमच्यापर्यंत वाटली गेली. आजी काकाकडं राहिली आणि तिसऱ्या वर्षी गेली. तेव्हापासून बाबांनी त्या घरचं पाणी घेतलं नाही, आम्हाला घेऊ दिलं नाही. काकू रस्त्यात भेटली तर आई पदर सावरून पलीकडं बघायची. मी पंधराचा फॉर्म भरायलासुद्धा तबस्सुमला एकटीला पाठवलेलं.

म्हणून मला खात्री होती, बाटलीच बदलली असणार. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

रविवारी तबस्सुम कोरा फॉर्म घेऊन आमच्या घरी आली. तिनं आईला मावशी म्हटलं नाही की काही नाही, एकदम परक्या घरी बसल्यासारखी बसली आणि म्हणाली, नमस्कार, आम्ही कॉलेजमधून आलोय, तुमची पाच मिनिटं घेते. आईला हसू आवरेना. बाबा सोप्यात बाजेवर पेपर वाचत पडलेले.

"तुमच्या घरी विरजण कुठून आलं?"

"विट्याचं हाय, माझ्या माह्यारचं," आई म्हणाली. पण इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की तबस्सुम तिच्या हातभर अंतरावर बसलेली आणि आवाज सोप्यापर्यंत गेला. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला.

तबस्सुमनं पेन टेकवलंच नाही कागदाला. शांतपणे म्हणाली, मावशी, चहा टाकता का, मी येते मदतीला. आणि दोघी आत गेल्या. मी मागं.

आईनं स्टोव्ह पेटवला, भरभर आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजाच्या आडून ती जे बोलली ते मी आयुष्यात विसरणार नाही. वाटण्या झाल्यावर पहिल्यांदा तिनं खरंच विट्याहून विरजण आणलेलं. बाबा ताटावर बसायचे, दही चाखायचे आणि वाटी बाजूला सारायचे. भात कोरडा खाऊन उठायचे. दीड महिना असा गेला. एकदा दुपारी चार वाजता ती मागं गोवऱ्या बघायला गेली, तर भिंतीच्या पलीकडून काकूचा आवाज आला. मंगल, भाऊजी जेवत्यात का नीट? बस, एवढंच विचारलं. आईला रडू आलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता भिंतीवरून एक वाटी अलीकडं आली. आजीच्या विरजणाची.

"त्या दिवशी तुझ्या बाबानं दोन बारी भात मागून घेतला," आई म्हणाली.

वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून आईनं त्यात गुळाचा खडा घालून दिला. उन्हाळ्यात आपल्याकडं तार तुटते, मग परत विरजण. वाटी येते, वाटी जाते. दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, म्हणून वेळ कायम चारची. काकू उलट्या घमेल्यावर चढून उभी राहते. अकरा वर्षं. रस्त्यात मात्र दोघी एकमेकींकडं बघत नाहीत, बघितलं तर हसू येईल म्हणून.

मग आईनं तबस्सुमचा हात धरला. म्हणाली, लिही बाई तुझ्या कागदावर, खोटं नको लिहू. पण ह्यांच्या कानावर नको. कळलं की थांबवतील. माणूस हट्टी हाय. आणि त्यांच्या आईचं एवढंच राहिलंय, तेही न कळता खात्यात.

तबस्सुम म्हणाली, मावशी, घराचं नाव कागदावर नाही आणि तोंडावर पण नाही. तिनं नवा फॉर्म भरला. विरजणाचा स्रोत: घर क्रमांक पंधरा. मार्ग: भिंतीवरून. आणि खाली एक ओळ: चौदा-पंधराचं अकरा वर्षं बोलणं नाही.

मी म्हटलं, जुना फाडून टाकू. तिनं फाडू दिला नाही. दोन्ही टाचणीनं एकत्र लावले.

जिल्ह्याच्या दिवशी तक्ते एवढे मोठे झाले की एसटीत मावेनात. बाबा म्हणाले, टेम्पोतनं सोडतो, मला तसंही मार्केट यार्डात जायचंय. मला ते यायला नको होते, पण ते सोडून जाणार होते, थांबणार नव्हते. सोडलं, गेलेही. आम्ही मांडवात टेबल लावलं. मागं वाडीचा नकाशा, एकतीस ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा. शेजारी एक मुलगा सौरऊर्जेवर चालणारं काहीतरी घेऊन उभा, त्याच्या टेबलावर दिवे लुकलुकतायत. समोर दोघी पोवाड्यांवर, त्यांच्याकडं डफ. आणि आमच्याकडं दह्याच्या एकतीस बाटल्या. येणारा प्रत्येकजण विचारायचा, ताक पण मिळेल का. तबस्सुम प्रत्येकाला सांगायची, संपलं.

परीक्षक तिघं. त्यातल्या एक बाई पांढऱ्या केसांच्या, बारीक, बोलायच्याच नाहीत. बाकी दोघांनी दोनचार प्रश्न विचारले आणि पुढं सरकायला लागले, तर ह्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. बरोबर चौदावर.

"ह्या एका घराचे दोन फॉर्म का?"

मी म्हटलं, पहिला मी घरच्यांना न विचारता भरला, कारण मला उत्तर माहीत आहे असं मला वाटलं. ते चुकीचं होतं. दह्याची तार फॉर्मशी जुळेना म्हणून आम्ही परत जाऊन विचारलं, मग दुसरा भरला.

"मग पहिला फाडला का नाहीत?"

"चूक आमची आहे मॅडम," तबस्सुम म्हणाली, "ती कशी फाडायची?"

बाईंच्या तोंडावर काहीच दिसलं नाही. फॉर्मच्या खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, तुम्ही इथं लिहिलंय की चौदा आणि पंधरा ह्या घरांचं अकरा वर्षं बोलणं नाही. मग भिंतीवरून विरजण जातं कसं?

आणि मी उत्साहात होते ना, सुटलेच. म्हटलं, मॅडम, बोलणं पुरुषांचं नाही. ते सख्खे भाऊ. बायका मात्र मागच्या भिंतीवरून, दुपारी चारला...

तेवढ्यात मला बाईंच्या खांद्यामागं बाबा दिसले. हातात आमचा डबा. टेम्पोत राहिलेला. तो द्यायला परत आलेले.

तुम्हाला सांगते, मांडवातला सगळा आवाज बंद झाल्यासारखा झाला. तबस्सुमचा पाय माझ्या पायावर पडला, चांगला जोरात. पण अर्धं वाक्य तोंडातून गेलेलं. नंबर सांगा की नाव सांगा, वाडीत भिंतीला भिंत लागून असलेले, अकरा वर्षं न बोलणारे सख्खे भाऊ एकच जोडी. डोक्यात एकदम काय काय आलं. म्हणावं, अंदाज आहे, नक्की माहीत नाही. म्हणावं, बाटली बदलली असेल. बक्षीस गेलं तर गेलं. आईचं चारचं भिंतीपाशी जाणं तरी राहील.

पण बाई माझ्याकडं बघत होत्या, बाबा माझ्याकडं बघत होते, आणि दोन्ही फॉर्म टाचणीनं लावलेले समोर पडलेले. त्यातला एक मी एकदा खोटा भरला होता. परत तोंडानं भरायचा?

"बायका भिंतीवरून विरजण देतात," मी म्हटलं. "घरातल्या म्हाताऱ्या आईचं विरजण आहे ते. वाटणीत सगळं वाटलं गेलं, हे कुणी वाटलंच नाही. जिकडं आई गेली तिकडं ते गेलं. दुसऱ्या भावाला दुसरं दही जाईना. म्हणून दोघी जावांनी त्याला न सांगता ते अलीकडं आणलं."

"आणि त्याला माहीत नाही?"

"नाही," मी म्हटलं.

बाबा पुढं आले. डबा टेबलाच्या कडेला ठेवला, बाटल्यांना धक्का लागणार नाही असा, जपून. आणि वळून निघून गेले. बाईंनी एकदा डब्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

त्यानंतरचे तीन तास मी कसे काढले मला माहीत नाही. डबा उघडलाच नाही. तबस्सुम म्हणत होती, आपण नाव घेतलं नाही. मी म्हणत होते, त्यांना नाव कशाला लागतंय?

निकाल लागला तेव्हा मी मांडवाच्या दाराकडंच बघत होते. तिसरा नंबर दिवे लुकलुकणाऱ्याला गेला. दुसरा पोवाड्यांना. आणि मग माईकवर आमच्या कॉलेजचं नाव आलं, मग माझं, मग तबस्सुमचं, आणि तबस्सुमनं, जी कधी कुणासमोर दात दाखवत नाही, तिनं मला उचललं. खरंच उचललं. हुपरीकर मॅडम मागून धावत आल्या, टाळ्या वाजवत, आणि मला मिठी मारून कानात म्हणाल्या, बरं झालं गं, माझं ऐकलं नाहीत. विद्यापीठाला निवड. ढाल एवढी मोठी, की दोघींनी दोन बाजूंनी धरली तेव्हा पेलली.

बाहेर आलो तर टेम्पो झाडाखाली उभा. बाबा स्टिअरिंगवर. ढाल बघितली आणि शेजारचं दार उघडलं. आम्ही दोघी पुढं त्यांच्या शेजारी बसलो. गाव मागं पडलं, उसाच्या गाड्या मागं पडल्या, तरी कुणी बोलेना. शेवटी मीच म्हटलं, बाबा, आईला बोलू नका. चूक माझी आहे. मी सांगायला नको होतं.

बाबांनी गिअर बदलला.

"तुझी आई ते विरजण ज्या वाटीत ठेवती, ती वाटी बघितलीस का कवा नीट?"

मी म्हटलं, छोटी स्टीलची. पोचा आलेली.

"तिच्या कडंला नाव कोरलंय. दादाचं. वाटणीत ती वाटी त्याच्या वाट्याला गेली, माझ्यासमोर गेली." मग म्हणाले, "मला वाचता येतं की गं. अकरा वर्सं झाली, वाचतोय."

तबस्सुमनं माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"पहिल्या घासालाच कळलं हुतं, आईचं हाय म्हणून. बोललो असतो तर दोघी लाजून थांबल्या असत्या. मग?" बाबा समोर रस्त्याकडंच बघत होते. "म्हून चार वाजलं की मी सोप्यातनं उठतच न्हाई. पेपर कितीदा वाचायचा माणसानं?"

आधी तबस्सुम हसली. मग मी. हसता हसता रडायला कधी लागले मला कळलं नाही. बाबांनी डबा मागितला, एका हातानं उघडला, दहीभात. तिघांनी चालत्या टेम्पोत खाल्ला. चमचा एकच होता.

वाडीत शिरलो तेव्हा ऊन अजून होतं, दिवे लागायला वेळ होता. आमचं दार आलं. मी ढाल धरून उतरायच्या तयारीत. टेम्पो थांबला नाही. हळूहळू पुढं गेला आणि पंधरा नंबरपुढं उभा राहिला, आणि बाबांनी हॉर्न दाबला. लांबच लांब.

काका दारात आले. अंगात बनियन, हातात चहाची बशी. टेम्पो बघून थबकले. आजूबाजूच्या दारांत बायका आल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या नकाशावरच्या. आमच्या दारातून आई आली, आणि टेम्पो कुठं उभा आहे ते बघून तिनं तोंडावर हातच धरला.

बाबा खाली उतरले. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं माणसानं? बाबा म्हणाले, "दादा, पोरीनं जिल्ह्यात पहिला नंबर काढलाय."

काकांनी ढालीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बशीतला चहा संपवला.

"कशावर काढला?"

"दह्यावर."

"दही कुणाचं?"

"आईचं," बाबा म्हणाले.

काका दारातून बाजूला सरकले, फक्त. आत जायला वाट राहील एवढे.

तेवढ्यात काकू आतून पुढं आली, पदराला हात पुसत. तिनं बाबांकडं बघितलं नाही, काकांकडं बघितलं नाही. अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात आमच्या दाराकडं बघून म्हणाली,

"मंगल, आजपास्नं वाटी पुढच्या दारानं आण गं बाई. त्या घमेल्यावर चढून चढून माझं गुडघं गेलं."